पाच हजार पौंडांतली स्पिटफायर: कॉव्हेंट्रीच्या गॅरेजमधल्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

गाडी आज घरी आली. ट्रायम्फ स्पिटफायर १५००, १९७८ सालची, रंग लाल. वॉरिकशरमधल्या एका गावात शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती. गाडीचे १,६५० पौंड, भाड्याच्या ट्रेलरचे ७०. सगळं धरून ५,००० च्या वर जायचं नाही असं घरात ठरलं आहे. ते पाळता यावं म्हणून ही वही.

दोन वर्षं गाड्या बघत होतो. एमजीबी, म्हणजे त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, बऱ्याच बघितल्या. सुरेख गाडी, पण तिला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, अख्खा पत्राच भार घेतो. आत किती गंज आहे ते कापल्याशिवाय कळत नाही आणि कापल्यावर थांबता येत नाही. स्पिटफायरला खाली चॅसी आहे, भाग अजून नवे मिळतात आणि स्वस्त मिळतात, आणि बॉनेट अख्खं पुढे कलंडतं. मडगार्डांसकट सगळं एका झटक्यात वर. इंजिन, पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, सगळं समोर मोकळं. रात्री आठनंतर एकट्याने काम करणाऱ्याला याहून सोयीची गाडी नाही.

दुसरं कारण जुनं आहे. स्पिटफायरची चॅसी आणि सस्पेन्शन ट्रायम्फच्याच हेराल्ड या गाडीवरून घेतलेलं, आणि दोन्ही गाड्यांचा आकार मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने काढलेला. हीच हेराल्ड मद्रासला १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनायची. बाबांकडे एक होती. १९७४ मध्ये जुनी घेतलेली, १९८६ मध्ये विकली. कोल्हापूरला घरासमोर बॉनेट पुढे कलंडून बाबा पुढच्या टायरवर बसायचे आणि इंजिनात हात घालायचे. मी पाने द्यायचो. स्पिटफायर कॅनलीच्या कारखान्यात बनायची, आणि कॅनली माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. तेव्हा दुसऱ्या गाडीचा विचार फार टिकला नाही.

विकत घेताना एक गोष्ट केली ती लिहून ठेवतो, कारण तिनेच साडेसातशे पौंड वाचले. मालकाला आत बसवून क्लच दाबायला सांगितलं आणि मी क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीकडे बघत उभा राहिलो. क्लच दाबला की पुली पुढे सरकत होती, सोडला की मोकळी. डोळ्यांना दिसेल इतकी. या इंजिनाचं हे ठरलेलं दुखणं आहे: क्रँकला मागेपुढे धरून ठेवणारे अर्धचंद्री थ्रस्ट वायसर झिजतात. तसंच चालवत राहिलं तर ते गळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, पडतात आणि मग ब्लॉकच जातो. मालकाला हे माहीत नव्हतं. मी त्यांना दाखवलं, त्यांनी स्वतः वाकून बघितलं, आणि २,४०० चे १,६५० झाले. ते सरळ बोलले, मीही सरळ बोललो.

२१ ऑक्टोबर २०२३

आज फक्त ठोकून बघितलं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या पत्र्यावर, वीतभर अंतराने. चांगला पत्रा ‘टण्’ वाजतो. दोन्ही दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पेट्या, ‘थप’ वाजले. डावीकडे मुठीऐवजी टोक लावलं तर स्क्रू ड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला.

हे अपेक्षित होतं, तरी पोटात कालवलं. चॅसी आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हे स्पिटफायरच्या बाबतीत समजून घ्यायला हवं. हेराल्डच्या चॅसीला बाजूने आधाराच्या पट्ट्या होत्या, स्पिटफायरला त्या नाहीत. तो भार सिल घेतात. मागच्या चाकांना जागेवर धरणारे रेडियस आर्मही चॅसीला नाही, बॉडीला येऊन मिळतात. सिल गेले की गाडी मधून वाकते आणि मागची चाकं आपल्या जागा सोडतात. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडी शेडमध्ये जाईपर्यंत तीस-पस्तीस वर्षं या पेट्यांत साचत आलेलं.

म्हणजे क्रम ठरला. आधी थ्रस्ट वायसर, मग पुढचं सस्पेन्शन, मग सिल, मग ब्रेक. रंग आणि गाद्या अगदी शेवटी, पैसे उरले तर. बघितलेल्या अर्धवट गाड्यांत मला सारखं एकच दिसलं: क्रोम चकचकीत, गाद्या नव्या, आणि खाली सडका पत्रा.

एक छान गोष्ट. दाराच्या रबराखाली लाल रंगाचा पोपडा उचकटला तर आत पिवळा निघाला. हळदीसारखा गडद पिवळा.

५ नोव्हेंबर २०२३

थ्रस्ट वायसर झाले. इंजिन उतरवावं लागलं नाही.

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर. ऑइल काढलं, चेंबर खाली घेतलं. चेंबर पुढच्या बाजूला ज्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर आवळतात त्याचे आटे आधीच कुणीतरी मारलेले होते, म्हणून तो तुकडा पोलादी घेतला. मग मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढली. वायसर ब्लॉकच्या खाचेत असतात, हाताला लागत नाहीत. लाकडी आइस्क्रीमच्या काडीने एका टोकाला ढकललं की दुसरं टोक क्रँकभोवती फिरून बाहेर येतं. मागचा वायसर हातात घेतला तर एका बाजूची खोबण पार गुळगुळीत झालेली, पुढच्याची अजून स्पष्ट. तर्काला धरून आहे. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि तो सगळा जोर मागच्या वायसरवर येतो.

क्रँक मागेपुढे किती सरकतो ते डायल गेज लावून आधी मोजलं होतं: १९ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पुढे साध्या जाडीचा आणि मागे पाच थाऊ जाड असा घातल्यावर ७ थाऊ. खोबणीची बाजू क्रँककडे. हे मी तीन वेळा तपासलं, कारण उलटा बसवला तर काही मैलांत संपतो. कॅपच्या बाजूच्या खाचांत नवा फेल्ट ठोकून भरला, नाहीतर तिथून तेल गळतं.

वायसर, गास्केट, तो पोलादी तुकडा, ऑइल मिळून ११८ पौंड. आतापर्यंत १,८३८.

२ डिसेंबर २०२३

पुढचं सस्पेन्शन खोललं. गॅरेजमध्ये दोन डिग्री. बोटं बधिर होतात म्हणून दर वीस मिनिटांनी घरात.

ट्रुनियनबद्दल सविस्तर लिहितो, कारण या गाडीतला सगळ्यात धोक्याचा भाग हाच आणि सगळ्यात स्वस्तात सांभाळता येणाराही हाच. पुढच्या चाकाला धरणारी पोलादी उभी दांडी खालच्या टोकाला आट्यांची असते. ते आटे ब्राँझच्या ठोकळ्यात, म्हणजे ट्रुनियनमध्ये बसतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडी त्या आट्यांत फिरते. थोडक्यात, चाक एका मोठ्या स्क्रूवर वळतं. आत तेल असेल तर हा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. तेल नसेल तर पाणी शिरतं, दांडी आट्यांतच गंजते, आणि एके दिवशी गाडी लावताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, मोडते.

काल रात्री कोल्हापूरला फोन केला. बाबांची हेराल्ड ज्यांच्याकडे असायची ते उद्यमनगरातले मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण फोन स्वतः उचलतात.

‘मिस्त्रीकाका, ट्रुनियन खोलतोय.’

‘ग्रीस घातलंस न्हवं आत?’

‘अजून काहीच घातलं नाही.’

‘मग ग्रीस घालू नको. तिथं तेल पायजे. नव्वद नंबरचं, गिअरचं. वर निप्पल बघून सगळी ग्रीस मारत्यात. ग्रीस वाळतंय, पाणी धरतंय, आनि चाक पसरतंय. तुझ्या बाबांच्या गाडीचं पसरलं हुतं बिंदू चौकात, इचार त्यास्नी.’

बाबांना विचारलं. खरं आहे. १९७९ ची गोष्ट, मी आत बसलेलो होतो म्हणे, मला आठवत नाही.

गाडीचं मूळ माहितीपुस्तक काढून बघितलं. मिस्त्रीकाका म्हणाले तेच: गिअर ऑइल, दर ६,००० मैलांनी. कॅनलीच्या कारखान्यात छापलेली सूचना मद्रासमार्गे कोल्हापूरच्या गॅरेजात पोचली आणि पन्नास वर्षं तोंडपाठ राहिली. इथे मात्र माझ्या गाडीच्या निप्पलमधून वाळलेलं काळं ग्रीस निघालं.

डावी दांडी रॉकेलने धुतली. आट्यांत, वरून दुसऱ्या वेढ्याला, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. नखाने लागत होता. उजवी बरी होती, तरी दोन्ही बदलल्या. डावीचे आणि उजवीचे आटे उलट असतात, अदलाबदल होत नाही. नवी दांडी ट्रुनियनमध्ये पूर्ण आवळून मग थोडी सैल केली, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण वळते. मग वरून तेल, खालून पाझरेपर्यंत. दांड्या, ट्रुनियन, बुश मिळून ३१२. एकूण २,१५०.

२० जानेवारी २०२४

गाडीला हात नाही. इथल्या कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग लावला, १९० पौंड. जुनं मिग वेल्डर आणि गॅस २८०. वेल्डिंगवाल्याने नुसत्या दोन सिलचे १,४०० सांगितले होते. २,६२०.

१६ मार्च २०२४

डावा सिल कापला.

आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे दोन आडवे दांडे वेल्ड केले, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत. पेट्रोलची टाकी काढून बागेत नेली. बॅटरी बाहेर, अल्टरनेटरच्या वायरी सुट्या. बॉडी चॅसीला आवळलेलीच ठेवली आणि घोड्या सस्पेन्शनखाली, म्हणजे गाडी आपल्या वजनाने जशी बसते तशीच बसलेली. दाराच्या फटी चार ठिकाणी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या.

ग्राइंडरने बाहेरचा पत्रा सोडवला तर आत दुसरा पत्रा. तो सोडवला तर आत पुट्टी, फायबरग्लास आणि एका इंग्रजी वर्तमानपत्राचे बोळे. १९९१ चं एक पान वाचता येत होतं. कुणीतरी सडक्या सिलवर नवा सिल चढवला होता आणि पोकळी कागदाने भरली होती. या पेटीत तीन पत्रे असतात: आतला, बाहेरचा आणि मधला. मधला पत्राच खरा भार घेतो, आणि तो नव्हताच. सोबत तपकिरी भुगा निघाला, दोन डबे भरून. ज्याने हे काम करून पैसे घेतले त्याने या गाडीत कुणाला तरी बसवून रस्त्यावर पाठवलं. राग आला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

भुगा झाडून झाला तेव्हा मात्र खाली चॅसी दिसली. काळी, कोरडी, धड. तिच्यावर हात ठेवून जरा वेळ बसलो.

२३ मार्च २०२४

आतला आणि मधला पत्रा बसला. दीड इंचावर एक टाका, मग दुसऱ्या टोकाला जायचं, मग मध्ये. एका जागी सलग ओढलं की पत्रा तापून ताणला जातो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथे आधी जस्ताचा प्रायमर, मग भोकं पाडून त्यातून वेल्ड. हे आतून पुन्हा कधी दिसणार नाही, म्हणून सगळ्यात नीट इथेच केलं.

१ जून २०२४

उजवा सिल आणि उजवी फरशी. इथे चुकलो.

डावीकडचं काम छान झालं म्हणून वेग घेतला. पाऊस येणार होता, दार अर्धं उघडं होतं, आणि शेवटच्या दोन फुटांत मी टाके न विखुरता एका ओळीत मारत गेलो. शिवाय पत्रा थंड व्हायच्या आत दारातले आडवे दांडे कापले. दार लावलं तर मागची फट वरून ३ मिलिमीटरने मिटलेली, दार खांबाला घासत होतं.

दार पुढे ओढून बिजागरी सैल करून फट दिसायला बरी करता आली असती. तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी दांडे परत लावले, खांबाजवळचा फूटभर वेल्ड कापला, खाली जॅक लावून पाव-पाव वळसा देत फट पूर्वीच्या आकड्यावर आणली, आणि मग एक टाका मारून चहा प्यायचा, असं केलं. अख्खा दिवस गेला. आता दार दोन बोटांनी लागतं आणि आवाज एकच येतो.

दोन्ही बाजूंचे पत्रे मिळून ५४०. एकूण ३,१६०.

२७ जुलै २०२४

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून गाडीचं हेरिटेज प्रमाणपत्र आलं, ५५ पौंड. कारखान्याच्या नोंदवहीतून देतात. मूळ रंग: इन्का यलो. म्हणजे दाराखालची हळद खरी. मुलीने ते प्रमाणपत्र फ्रीजवर लावलं आहे.

१२ ऑक्टोबर २०२४

ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे दोन्ही सिलिंडर जाम, एकाचा पिस्टन हातोडीनेही हलला नाही. सगळे नवे घातले. नळ्या पोलादाऐवजी तांबे-निकेलच्या, गंजत नाहीत आणि हाताने वळतात. टोकं मी स्वतः फुलवली, पहिली सहा फेकून दिली. टायर चार नवे, १३ इंची. जुन्यांवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला भेगा होत्या आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची. ब्रेक २८५, टायर २६०. एकूण ३,७६०.

८ फेब्रुवारी २०२५

तीन शनिवार वायरिंगमध्ये गेले. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही लाइट उघडझाप करायचे, ब्रेक दाबला की इंडिकेटर बंद. स्विच बदलला, फ्लॅशर बदलला, काही फरक नाही. शेवटी मीटर घेऊन डिकीत बसलो. मागच्या लाइटांची अर्थिंगची वायर एका स्क्रूने बॉडीला लावलेली, आणि त्या स्क्रूखाली लाल रंग. कुणीतरी गाडी रंगवताना रंगावरच वायर आवळली होती. करंटला परतीची वाट नव्हती, म्हणून तो दुसऱ्या बल्बांतून वाट शोधत होता. एक रुपयाच्या नाण्याएवढा पत्रा घासकागदाने चकचकीत केला, वायर लावली, सगळं जागेवर आलं. मग बाकीच्या अर्थिंगही तशाच साफ केल्या.

स्विच, फ्लॅशर आणि बॅटरीचे १४५ गेले. त्यातला स्विच वाया. आधी मीटर, मग खरेदी. ३,९०५.

१९ एप्रिल २०२५

चालू झाली.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आधीच बदलल्या होत्या. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने चिरतं. मी सुपर ग्रेडच घालणार. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर खोलून धुतले, पिस्टनच्या वरच्या नळीत तेल घातलं. प्लग काढून स्टार्टर मारत राहिलो, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग, चोक, आणि तिसऱ्या झटक्याला पकडलं. आधी दोन सिलिंडरवर, मग चारही.

कार्ब्युरेटर जुळवायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांपाशी. पुढचा ‘स्स’ जाड, मागचा बारीक. स्क्रू एक-अष्टमांश फिरवत दोन्हींचा आवाज सारखा केला. तानपुऱ्याच्या दोन तारा जुळवताना आई अशीच मान कलती करायची. आयडलला आता कप ठेवला तर चहा फार हिंदकळत नाही.

क्लच दाबून पुली बघितली. जागची हलत नाही. १९० पौंड, एकूण ४,०९५.

१७ मे २०२५

रंगाचा निर्णय घेतला. पूर्ण रंगकामाचे ३,२०० सांगितले. हातात ९०५ आहेत आणि त्यातून हूड (कापडी छप्पर), विमा, चाचणी व्हायची आहे. टू-पॅक (दोन घटक मिसळून मारायचा) रंग घरी मारायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. त्यातला आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक, बाहेरून हवा येणारा मुखवटा नसताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

म्हणून मी घातलेला पत्रा तेवढाच रंगवला. दोन्ही सिल आणि फरशी, इन्का यलो. ब्रशने आणि छोट्या रोलरने, पाच हात, प्रत्येक हातानंतर ओला घासकागद. सिलच्या पोकळीत मेण सोडलं, खालच्या भोकांतून टपकेपर्यंत. वर फिकट लाल, खाली हळदीची पट्टी. शेजारच्या आजोबांनी विचारलं की उरलेली कधी पिवळी करणार. पैसे साठले की. तोवर ती अशीच चालणार, आणि मला ती अशी आवडते. १७० पौंड. ४,२६५.

१४ जून २०२५

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, मोठे बदल केलेले नसतील तर, इथे २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक चाचणी, सक्तीची नाही. रोड टॅक्सही नाही. तरी मी चाचणी करून घेतली. माझे वेल्ड माझ्याशिवाय आणखी कुणीतरी बघायला हवे होते. तपासनिसाने सिलवर हातोडी मारून बघितली. दोन्हीकडे ‘टण्’. पास. एकच शेरा: मागच्या एका बुशची झीज.

चाचणीचे ५५, विमा ११८, नवं हूड २४०. एकूण ४,६७८. शिल्लक ३२२.

तिथून सरळ कॅनलीला गेलो. १९८० च्या ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर इथून निघाली. तीन लाख चौदा हजारांवर बनल्या. आता कारखान्याच्या जागी ऑफिसं आणि दुकानं आहेत, पण रस्त्यांची नावं ठेवली आहेत. एक आहे हेराल्ड अॅव्हेन्यू. पाटीखाली गाडी लावली आणि बाबांना व्हिडिओ कॉल केला. कोल्हापुरात संध्याकाळ झाली होती. त्यांनी गाडी सगळीकडून दाखवायला लावली, पिवळी पट्टी जवळून. मग म्हणाले, ‘बॉनेट उघड.’

उघडलं.

‘टायरवर बस बघू.’

मुलीच्या हातात फोन दिला आणि डाव्या टायरवर बसलो. बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘ट्रुनियनला तेल घातलंस ना? नाहीतर मिस्त्री मला बोलेल.’

घरी येईपर्यंत २३ मैल झाले. तेल गळत नाही, पाणी गळत नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, चौथ्यात लागतो, तिसऱ्यात लागत नाही. गिअरबॉक्सवरचा इन्हिबिटर स्विच आणि त्याची वायर बघायची, आधी मीटरने. मागचा बुश मागवला, ९ पौंड.